टोळधाड, सहस्र यंत्रे आणि फडणिसांचा अंगठा

विघ्नहर्त्या गजाननास नमन, आणि जो अगणितास गणतीत आणवितो त्या बुद्धिदात्यास दुसरे नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन मास, ते समयी एका राज्यात जे वर्तले ते लिहितो. राज्याचे गणितखाते सगुणाबाईंकडे होते. गेले साली टोळधाड कोठे उतरणार याचे गणित बाईंनी दरबारच्या एकुलत्या यंत्रावर मांडिले, आणि यंत्र कुंथत राहिले, आणि उत्तर आले तेव्हा टोळ पूर्वप्रांतीची बाजरी फस्त करोन निघोन गेले होते. बाया रित्या शेतात उभ्या राहोन रडल्या ते बाईंनी डोळां पाहिले, आणि तेव्हापासोन त्यांस अन्न गोड लागेना. यंदा टोळ पुन्हा सीमेवर दिसताच बाईंनी महाराजांस अर्ज केला की, "परमुलखी यंत्रांचे मोठे तळ आहेत, लोक त्यांस क्लाऊड म्हणतात. लागतील तितकी भाड्याने घ्यावी, काम सरताच निरोप द्यावा." महाराज संतोष पावोन बोलिले, "घ्या. सहस्र घ्या!"

मग बाईंनी वाऱ्याच्या नोंदी आणि उपग्रहांची चित्रे आणि गावोगावच्या पिकांची माहिती एकत्र करोन गणिताची सहस्र शकले पाडिली, की एकेका यंत्राने एकेक उचलावे आणि सर्वांनी एकदम धावावे. परंतु वहिवाट ऐसी की, सरकारी काम वेशीबाहेर जावयाचे तर विसाजीपंत फडणिसांनी ते स्वतः वाचावे आणि काचेवर अंगठा टेकवावा. पंत मोठे सचोटीचे. त्यांनी चष्मा पुसिला, पहिले शकल पुटपुटत वाचिले, अंगठा दिधला, आणि मग तपकीर ओढिली, आणि मग दुसरे घेतले. एक यंत्र धावले आणि बाकीची वाढप्याची वाट पाहणाऱ्या पंगतीसारखी बसोन राहिली. बाईंचा जीव टांगणीस लागला.

"पंत, आटपा हो! टोळ काही तुमच्या अंगठ्यासाठी थांबायचे नाहीत!"

पंत बोलिले, "बाई, उभ्या नोकरीत न वाचता अंगठा दिला नाही. आज दिला तर उद्या कोणीही काहीही बाहेर नेईल."

"खरं आहे तुमचं. पण या आकड्यांतलं तुम्हांस उमगतं काय?"

पंत चष्मा काढोन बोलिले, "काडीचं नाही."

"मग उमगेल ते वाचा. काम कोणतं, कशासाठी, बाहेर काय जाणार, हे एका हुकुमात लिहिते. तो पटला तर सगळ्या शकलांस मिळून एकच अंगठा द्या."

पंतांनी हुकूम बारकाईने वाचिला आणि भुवया चढविल्या. "शेतकऱ्यांची नावं कशाला धाडता? टोळ काय नाव विचारून उतरतात?" बाई ओशाळल्या आणि त्यांनी नावे तत्काळ गाळिली. मग पंतांनी अंगठा दिधला. आणि सहस्र यंत्रे एकदम उठली, आणि पंतांची शिंक पुरी होते न होते तोच उत्तर आले की, धाड पुन्हा पूर्वप्रांतीच उतरणार.

मग गावोगाव फोन गेले, आणि बाई स्वतः तिकडे धावल्या, आणि बायापोरांनी थाळ्या, डबे, ढोल घेऊन बांध धरिले, आणि ओल्या पाल्याचा धूर केला. टोळ आले ते आभाळ झाकीत आले, परंतु गलबल्यात उतरो न शकता उजाड डोंगराकडे वळले. तेव्हा एक म्हातारी थाळी खाली ठेवोन बाईंस बोलिली, "अवंदा येळेवर आलीस गं, बाई."

बाई बांधावर बसोन मनमुराद रडल्या.

येणेप्रमाणे बाजरी राखिली, यंत्रांस निरोप दिधला, आणि पंतांस मानाची शाल जाहली. वर्तमान इतुकेच.