उघडेवाडीच्या तपासाची बखर

श्रीगजाननाचें स्मरण करून, कुळस्वामिणीस दंडवत घालून, आणि वीणा-टाळ धरणाऱ्या समस्त हरिदासांचे पायीं मस्तक ठेवून लिहितों. शके सोळाशें नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, चैत्रमासीं येके राज्यांत वर्तमान ऐसें जाहलें कीं, राजधानीपासून दोन मजला डोंगरांत ऊन पाण्याचा झरा, तेथें अंतोबुवा हरदास चाळीस माणसांनिशीं राहत होते, आणि तेथील रीत ऐसी कीं वेशींत वस्त्रें उतरून खुंटीस लावावीं, देवानें धाडिलें तैसें राहावें, नाचणी पेरावी, आणि तिसरे प्रहरीं कीर्तनास बसावें, बाया येके अंगास, बाप्ये येके अंगास. हें दिवाणसाहेबांचे कानीं गेलें आणि ते तांबडेलाल होऊन बोलिले, "आज वस्त्र टाकिलें, उद्यां मुजरा टाकतील! वाडी जाळावी." महाराजांची मर्जी पडली कीं आधीं तपास व्हावा. मग दिवाणांनीं बारूदखान्याचे खेत्रोजी निगडे यांस बोलाविलें, आणि अनाचाराची कैफियत आधींच लिहवून त्यांचे हातीं दिली, आणि सांगितलें, "त्यांतलेच होऊन दोन दिवस राहा, खालीं शिक्का करून आणा. किल्लेदारी तुमची."

खेत्रोजी शूर खरे, परंतु बारा वर्षांमागें बारूद भडकून कपाळापासून टाळूपर्यंत भाजले होते, केस गेले, कातडें आवळलें, आणि तेव्हांपासून पगडी भुंवयांवर ओढलेली, घरधनिणीनेंही तें कपाळ पाहिलें नव्हतें. ते वेशींत आले, अंगरखा उतरला, सुरवार उतरली, सर्व उतरलें, मात्र पगडीस हात लागेना. नागव्यानें एक वेळ चालेल, बोडक्यानें कीर्तनास कैसें बसावें, ऐसें मनास समजावून आंत शिरले. तों वेशीवरील तुळाजी कुंभार हंसूं दाबीत बोलिला, "रावसाहेब, वेषांतर झकास साधलें! पगडीचा दरबारी तुरा तेवढा काढावयाचा राहिला." खेत्रोजी म्हणाले, "सर्दीचा विकार आहे." "चैत्रांत?" "चैत्रांतली सर्दी फार वाईट." तुळाजी म्हणाला, "असो बापा, बसा. येथें काढा म्हणून कोणी ओढीत नाहीं."

मग कीर्तन उभें राहिलें. कोणाचें पोट सुटलेलें, कोणाचे अंगीं कोड, कोणाची पाठ वांकलेली, आणि सर्वांवर ऊन सारखेंच पडलेलें. बुवांनीं निरूपण केलें कीं, "बाबांनो, देवास अभिषेक घालितां तेव्हां वस्त्र काढितां कीं नाहीं? तेव्हां देव लाजतो काय? मग त्यानें घडविलें तेंच तुम्ही कां हो लपवितां?" खेत्रोजींनीं पगडी आणखी खालीं ओढिली. इतक्यांत गोदाक्का म्हातारी बुक्का लावीत लावीत त्यांजपाशीं आली आणि बोलिली, "लेका, कपाळ कुठंय तुझं? का घरीं ठेवून आलास?" सारे हंसले. खेत्रोजींनीं डोळे मिटून पगडी उतरली. तों हंसणें थांबलें नाहीं, वाढलें नाहीं, टाळही चुकला नाहीं. म्हातारीनें आवळल्या कातड्यावर बुक्का टेंकविला आणि म्हणाली, "हां, आतां सरक जरा, पलीकडचा राहिलाय." आणि पुढें गेली. खेत्रोजी लेंकराप्रमाणें रडले.

दोन दिवसांनीं दरबार भरला. दिवाण म्हणाले, "शिक्का कोठें आहे?" खेत्रोजींनीं ती कैफियत बिनशिक्क्याची तशीच पुढें ठेविली. "साहेब, अनाचार एकच पाहिला. कीर्तनांत मी हें खोटें लिखित मनांत घेऊन बसलों, तो." दिवाण गरजले, "चाकरी जाईल!" "जावो. चाळीस माणसांचीं घरें माझे शिक्क्यानें जळणार नाहींत." तेव्हां महाराज गादीवरून, पायांवरील शेला सारखा करीत, हळूच बोलिले, "निगडे, तेथें... पाय सुजलेला कोणी आहे काय? हत्तीसारखा?" खेत्रोजी म्हणाले, "आहे, महाराज. मृदंग वाजवितो. लोक पाहतात, पण पाहत राहत नाहींत." मग आज्ञा जाहली कीं वाडीच्या वाटेस कोणी जाऊं नये, शिपाई तर नाहींच.

येणेंप्रमाणें वाडी राहिली, किल्लेदारी दुसऱ्यास गेली, आणि खेत्रोजी घरीं जाऊन प्रथम घरधनिणीपुढें उघड्या मस्तकें बसले, ती बोलिली, "एवढंच होय!" पुढें श्रावणांत येके सोमवारीं पडदे सोडलेली पालखी वाडीच्या वेशींत उतरली. आंत कोण, तें वेशींत कोणी विचारिलें नाहीं, आणि लिहिणारानेंही विचारिलें नाहीं. वाचणाराचे देहाचें कल्याण असो.