पंचनादरावांची दुनळी

निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. पंचनादराव आपली दोन नळ्यांची दुनळी जुन्या रेशमी वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळून, ऑटोत मांडीवर आडवी घेऊन निघत. मग निकाल लागेपर्यंत रोज सकाळी ठाण्यात जाऊन तिची चौकशी. "भिंतीस टेकवू नका, निजवून ठेवा. ओल लागते." तिथला नोंदी ठेवणारा रायटर एकदा मला म्हणाला, "सार, लॉकअपमधल्या माणसांना भेटायलासुद्धा इतकं कोणी येत नाही."

मी सोलापूरहून तंजावरला कॉलेजात शिकवायला आलो आणि रावांच्या माडीवर भाडेकरू झालो. राव इथल्या जुन्या मराठी घराण्यातले, वीज खात्यातून निवृत्त, विधुर, मूलबाळ नाही. बंदुकीला तमिळमध्ये तुप्पाकी म्हणतात, म्हणून गल्लीत त्यांचं नाव तुप्पाकी राव. ओरत्तनाडूच्या शेतात रानडुकरं शिरायची म्हणून आजोबांनी ती घेतलेली. आता शेत नाही, डुकरं नाहीत, पण परवाना वेळच्या वेळी ताजा होतो.

पेपरात कुठेही दरोडा किंवा खून झाला की राव मला जिन्यातच अडवत. "घरास एक तुप्पाकी द्या, सार. मग चोर येतो कां, पाहू!"

हे मत खोडून काढायला शेजारच्या रुक्मिणी टीचर संध्याकाळी पाचला रावांच्या ओट्यावर येत. त्याही तंजावरी मराठी, निवृत्त मुख्याध्यापिका.

"आपल्याकडे रागाच्या भरात माणूस कोयता उचलतो, अण्णा. त्यात एक मरतो. बंदूक दिलीत तर चार मरतील."

"तो चौघांस मारीपर्यंत पाचवा गप्प बसेल कां? त्याचे जवळही असेल की!"

"म्हणजे पाच!"

हे रोज चाले. कॉफी राव करत.

एका सकाळी टीचर दारापुढे कोलमची रांगोळी घालत होत्या. मोटारसायकलवरून हेल्मेट घातलेला एक माणूस आला आणि त्यांच्या गळ्यातली साखळी हिसकून निघाला. टीचर पडल्या. पण पुढे बांधकामाची वाळू होती, तिच्यात गाडी घसरली आणि तोही पडला. मी खाली धावेपर्यंत राव बनियनवरच बाहेर आले होते. बंदूक खांद्याला लावलेली. त्या माणसाने दोन्ही हात वर केले.

तेवढ्यात टीचर उठल्या. मानेवरून रक्त ओघळत होतं. त्या सरळ बंदुकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"खाली करा, अण्णा. साखळीपायी माणूस मारणार कां?"

"बाजूस व्हा, टीचर!"

"नाही होत."

त्या माणसाने साखळी टाकली आणि गाडी तिथेच सोडून पळाला. दोन दिवसांत पोलिसांनी गाडीवरून त्याला शोधून काढलं. टीचरना मी दवाखान्यात नेलं, मानेला तीन टाके पडले.

परत आलो तर राव बंदूक मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेले. "आधी काडतुसं काढा," मी म्हटलं. त्यांनी बंदूक बिजागरीतून उघडून माझ्यापुढे धरली. दोन्ही नळ्या रिकाम्या.

"आमची बायको पार्वती दोन वर्षं अंथरुणास खिळली होती, सार. दुखणं सोसवेना की म्हणायची, ती तुप्पाकी आणा, मज सोडवा. रोज म्हणायची. एके दिवशी मज वाटलं, आज मी ऐकेन." त्यांनी बंदूक पुन्हा मिटली. "तेव्हाच तिरुवैयारूस गेलों आणि होती तेवढी काडतुसं कावेरीत टाकली. पुन्हा आणली नाहींत."

"मग टीचरशी रोज भांडता कशाला? त्यांचं म्हणणं तुम्हाला केव्हाच पटलंय."

राव टीचरच्या बंद दाराकडे पाहत राहिले. "पटलं म्हणालों तर पाचास त्या कशास येतील?"

चौथ्या दिवशी मानेला पट्टी बांधून टीचर आल्या. बसण्याआधीच म्हणाल्या, "त्या दिवशी चाप ओढला गेला असता तर?"

"दोन्ही नळ्या भरल्या होत्या!" रावांनी ठणकावून सांगितलं. मी पेपरात डोकं घातलं.

टीचर खुर्ची ओढून बसल्या आणि सुरू झाल्या. गळा दुखत असल्यामुळे त्यांना गरम गिळवत नव्हतं. राव ऐकता ऐकता त्यांची कॉफी पेल्यातून डबऱ्याच्या पसरट वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतत राहिले. पार कोमट झाल्यावर त्यांनी ती टीचरच्या हाताशी ठेवली आणि म्हणाले, "हं, मग? पुढे बोला."