कुंकवाचं नाणं

आमच्या सोसायटीतले बर्वेकाका अमेरिकेच्या जुन्या सोन्याच्या नाण्यांचे जाणकार आहेत आणि त्यांच्याकडे असं एकही नाणं नाही. हे ते पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगून टाकतात. उगाच कुणी कुलूप तोडायचे कष्ट घेऊ नयेत म्हणून.

ज्ञान सगळं फोटोंवरून. सकाळची पूजा आटोपली की काका कॉम्प्युटरसमोर बसतात आणि परदेशात लिलावाला आलेल्या नाण्यांचे फोटो मोठे करकरून बघतात. "दोनशे वर्षांपूर्वी तिथं ठसे हातानं करायचे हो," ते मला समजावतात. "एकाच सालचे दोन ठसे घ्या. एखादा तारा इकडे, एखादा आकडा तिकडे. कारागीर होते ते, तुमच्यासारखं कॉपी-पेस्ट नव्हतं." मी हडपसरच्या एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करतो. त्यामुळे 'तुमच्यासारखं' या शब्दात माझ्याबद्दल बरंच काही येतं.

दोन सारख्या वस्तूंना सारखं म्हणणं त्यांना जमतच नाही. गणपती ठरवायला मी एकदा त्यांना बरोबर नेलं, ही माझीच चूक. एका साच्यातल्या मूर्ती ओळीनं मांडलेल्या. काका वाकून एकेकीकडे बघत राहिले. "घाई नको. डोळा बसू द्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग म्हणाले, "साचा थकलाय. सोंडेपाशी तडा उतरलाय बघा. हा तुमचा बराच शेवटी काढलेला दिसतो."

स्टॉलवाला वैतागला. "आजोबा, घ्यायचा तर घ्या, पण बाप्पाला नावं ठेवू नका."

"नावं कुठं ठेवतोय? ओळख पटवतोय," काका म्हणाले. त्या दिवशी आम्हाला तीन स्टॉल फिरावे लागले.

देशोदेशीचे हौशी लोक त्यांना फोटो पाठवतात. काका उत्तर देतात, आणि भीड अजिबात ठेवत नाहीत. 'आपण दुर्मीळ समजून घेतलेलं नाणं अगदी सामान्य आहे, आणि त्याला दागिन्याची कडी जोडून नंतर काढलेली आहे,' असं त्यांनी एकाला कळवलं. त्या गृहस्थानं उलट आभार मानले. पुण्यातला असता तर 'आपल्याला विचारलं कुणी?' असं, स्वतःच विचारलेलं असूनही, म्हणाला असता.

गेल्या वर्षी त्यांच्याकडे मोठा स्क्रीन बसवून द्यायला गेलो होतो. वायरी जोडता जोडता सहज विचारलं, "काका, रोज रोज एवढं काय बघता?"

ते म्हणाले, "आमच्याकडे एक होतं. माझं नव्हे, हिचं. हिचे पणजोबा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी कुठूनसं मिळवलेलं. लग्नात माहेरहून घेऊन आली. ते नेमकं कुठल्या ठशाचं हे कळावं म्हणून तर मी या नादाला लागलो."

काकूंना मी पाहिलेलं नाही. आम्ही इथं राहायला येण्याआधीच त्या गेल्या. लक्ष्मीपूजनाला त्या ते नाणं पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायच्या आणि त्यावरून दरवर्षी भांडण व्हायचं. काका म्हणायचे, नाण्याची वाट लागते. काकू म्हणायच्या, "मग काय लक्ष्मीला कोरडा नमस्कार करू?" अशानं एका ताऱ्याच्या बेचक्यात कुंकू बसलं ते बसलंच.

पुढं काकूंच्या आजारपणात नाणं विकावं लागलं. "घेणारा म्हणाला, डाग आहे," काका सांगत होते. "मी म्हटलं, डाग नव्हे हो, कुंकू आहे. माझ्या बायकोनं लावलंय. जन्मात पहिल्यांदा तिची बाजू घेतली मी. दवाखान्यात तिला सांगितलं, तर काय हसली!"

नाणं परदेशी गेलं, एवढंच नंतर कळलं.

"परत घ्यायचंय का?"

"छे, माझी काय ऐपत! नुसतं बघायचंय. तिच्या बोटाचं कुंकू तेवढं कुठंतरी उरलंय. कुणी धुतलं नसलं म्हणजे मिळवली." मी उगाचच जोडलेली वायर काढून पुन्हा जोडली.

परवा रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. स्क्रीनवर दोन फोटो शेजारी शेजारी होते. डावीकडे विकण्याआधी त्यांनी स्वतः काढलेला, उजवीकडे लिलावाला नव्यानं आलेल्या नाण्याचा. त्यांच्या शिकवणीनं आता मलाही थोडंफार दिसतं. दोन्हींचा ठसा एकच होता. पण ठसा एक असला तरी नाणी अनेक असतात. पडून, आपटून लागलेली खोक मात्र ज्याची त्याची. उजवीकडच्या नाण्यावर कोरलेल्या बाईच्या हनुवटीखाली कडेला खोक होती. डावीकडेही होती, तिथंच आणि तशीच.

डावीकडे ताऱ्याच्या बेचक्यात लाल ठिपका होता. उजवीकडे ती जागा लख्ख होती. सगळं नाणंच नव्यासारखं चकाकत होतं.

काका स्क्रीनकडे बघत नव्हते. चष्मा पुसत होते.

"मला वाटतं, हे ते नव्हे," ते म्हणाले. "ती खोक जरा खाली आहे. नाही का?"

खोक केसभरही खाली नव्हती. हे माझ्या आधी त्यांनी पाहिलेलं असणार. मी खुर्ची पुढं ओढली आणि निरखून बघितल्यासारखं केलं.

"हो काका," मी म्हणालो. "खालीच आहे. हे दुसरंच कुठलंतरी दिसतंय."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले आणि उजवीकडचा फोटो त्यांनी बंद केला. "मंगळवारी आणखी एक लिलाव आहे. त्यात बघू."