प्राणवायू कुठून आणला?

गोष्टीत माणूस मेला की आमचे शेजारी दत्तूकाका खूश होतात. "मरणारच. मंगळावर मुखवटा काढून गाणी म्हणतोय गाढव. प्राणवायू कुठून आणला?" लेखकाने शास्त्र पाळलं, एवढंच त्यांना समाधान.

मामलेदार कचेरीतून पेन्शनीत निघालेला हा गृहस्थ शाळेत असल्यापासून विज्ञानाच्या क्रमशः कथा वाचतो. भुतं, चमत्कार चालत नाहीत. मिठागरातल्या मजुरांसाठी मी काढलेलं पत्रकही त्यांनी पेन्सिलीने तपासलं. 'उद्या पहाट होणारच' या ओळीखाली लिहिलं, 'कशाच्या जोरावर?' वर मलाच म्हणाले, "पुढारी, तुझ्यापेक्षा मंगळवाले बरे. निघण्यापूर्वी पाण्याचा विचार तरी करतात." त्याचा राग मला अजून आहे.

गेल्या वर्षी पनवेलच्या आमच्या वाचनालयाने काका वाचायचे ते विज्ञानकथांचं मासिक बंद केलं. त्यातल्या कथेत मंगळावरून यान परत निघालेलं, आत तिघे, प्राणवायू संपत आलेला आणि शेवटचा हप्ता बाकी. अध्यक्ष भातगिरणीवाले. म्हणाले, "असल्या थापांनी पोरं बिघडतात." त्या जागी त्यांच्या जावयाचं मासिक आलं. त्यात दर महिन्याला कुणीतरी साधू पाण्यावरून चालतो. गावात कुणी ब्र काढला नाही. अध्यक्षांच्या गिरणीत सगळ्यांचंच भात जातं.

मी पत्रक काढलं, 'वाचनालय कुणाच्या बापाचं?' निदान काका तरी सही करतील असं वाटलं. ते म्हणाले, "ते राहू दे. यान पोचलं का, तेवढं बघ."

शेवटी मुंबईच्या एका मित्राकडून मी तो अंक मिळवला. काकांनी दारातच उभ्याउभ्या शेवटचं पान वाचलं आणि मला आत घेऊन गेले. आत काकू उशांना टेकून बसलेल्या. दम्यामुळे त्यांना आडवं होता येत नाही. बोलायचं तर दोन शब्दांनी थांबावं लागतं. काका ही कथा पहिल्या हप्त्यापासून त्यांना वाचून दाखवत होते, हे मला तेव्हा कळलं.

काका वाचू लागले. मी त्यांच्या मागे उभा. छापलं होतं ते असं: टाकीत दोघांपुरताच वायू उरला, आजारी शास्त्रज्ञ वाटेतच गेला. शास्त्र चोख होतं.

काकांनी वाचलं, "तिघेही सुखरूप उतरले."

काकू हसल्या. दम खात म्हणाल्या, "अहो, पण... प्राणवायू कुठून आणला?"

काकांनी अंक मिटला.

"होता गं," ते म्हणाले. "एका टाकीकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं."