नीलाबाईचं ठाणं

सोमवारी सकाळी भीमसिंगला कळलं, की नीलाबाईचं हळदीचं गोदाम जळालं. मोबाइलमधलं.

त्याची बायको नीलाबाई आठ महिन्यांपूर्वी वारली. आजारपणात तिला एका गेमचा नाद लागला होता. त्यात दुकान चालवायचं, बैलगाड्या घेऊन मुलुखभर हिंडायचं आणि कुणी चालून आलं तर फौज घेऊन लढायचं. गेममधल्या तिच्या ठाण्यात हिरव्या लुगड्यातली एक बाहुली फिरायची. तीच नीलाबाई. भीमसिंगला खेळता येत नव्हतं. तो रोज सकाळी तिचा फोन चार्जिंगला लावायचा, बाहुली चालताना बघायचा आणि मग शेतात जायचा.

"पुजा, पळत ये! गोदाम गेलं!"

त्यांची मुलगी पुजा कळमनुरीच्या शाळेत शिकवायची. ती निघायच्या घाईत होती. तिने फोन बघितला.

"किसनराव डोंगरकडेकर म्हनून कुनी हाय, त्यानं जाळलं, बापू. आज तो ठाणं घेनार. मग सगळं पुसून जाईल."

"तुझी माय बी?"

"बाहुली बी."

भीमसिंगने फोन तिच्यापुढे धरला. "मग तू खेळ की!"

"माझी बस जाईल. तुमीच खेळा. गाड्या पाठवा, धान्य आना, शिपायांना खाऊ घाला. आन काही बी झालं तरी दार उघडू नका."

शेत सोडून भीमसिंग ओट्यावर बसला. गाड्या निघाल्या. चढावर बैल अडले आणि पडद्यावर चाबकाचं चित्र आलं.

"मुक्या जनावराला चाबूक? आपल्याच्यानं न्हाई होनार."

बैल झाडाखाली बसले. धान्य लांबलं. इकडे ठाण्यातले शिपाई पोटावर हात धरून उभे. उपाशी माणसाला पहाऱ्यावर कसं ठेवायचं? भीमसिंगने बटण शोधलं आणि सगळ्यांना जेवायला घरी धाडलं.

बैल विसावून उठले, गाड्या पोचल्या आणि पाठोपाठ किसनरावाची दोनशे लोकांची फौज दारात आली. अंगणात बाहुली एकटी.

शेजारची शिला पाणी भरून चालली होती. "काय झालं, भाऊजी? घामाघूम हून राहिले."

"दारात मानसं आलीत. दोनशे."

शिलाने रस्त्यावर नजर टाकली. कुणी दिसलं नाही. पण माणूस आठ महिन्यांपासून असाच आहे, हे तिला ठाऊक होतं. "मग बसून काहून राहिले? पानी तरी इचारा त्यांना."

ते त्याला पटलं. दारात आलेल्याला तसंच कसं ठेवायचं? त्याने दार उघडलं, होतं नव्हतं ते सगळं धान्य वाढलं आणि डोळे मिटून घेतले.

मधल्या सुट्टीत पुजाचा त्याच्या फोनवर फोन आला. "वाचलं का ठाणं?"

"दार उघडलं. जेवू घातलं समद्यांना."

"दुश्मनाला? बापू!"

भीमसिंगने एक डोळा उघडून पडद्याकडे बघितलं. बाहुली फिरत होती. दोनशे शिपाई तिच्यासाठी पहाऱ्यावर उभे होते.

"जेवून तिथंच थांबले गं."

पुजाला आठवलं. "जो जेवू घालतो त्याची फौज. तसाच नियम हाय त्यात."

एवढ्यात नीलाबाईच्या फोनवर किसनरावाचं नाव चमकलं आणि गेममधून माणसाचा आवाज आला. भीमसिंगच्या हातून फोन पडता पडता राहिला.

"नीलावैनी, हे बराबर न्हाई! दोन दिवस जेवन न्हाई दिलं तर माझी मानसं फोडली तुमी? माझ्याकडं एकच पहारेकरी राहिला. त्यो बी तुमच्याच दिशेनं बघून राहिला. चालून येऊ नका, पाया पडतो."

भीमसिंगने फोन दोन्ही हातांनी धरला.

"अजून राग हाय व्हय? आदी रोज भांडायच्या, आता आठ महिने झाले, एक शब्द न्हाई तुमचा. म्हनून तर गोदाम जाळलं. म्हटलं, भांडायला तरी येताल."

भीमसिंगने तोंड उघडलं. बाहुली शिपायांच्या मधून चालत होती.

"ती..." तो म्हणाला. "ती कामात हाय."

"बरं, बरं. उद्या येतो मंग. तयार राहा म्हनावं."

किसनराव रोज नवी फौज घेऊन येतो, ती जेवून तिथंच थांबते आणि तो हरून जातो. नीलाबाई वारल्याचं त्याला सांगायचं अजून राहिलं आहे.