चेटकिणीच्या तोंडचा वारा

"एवढं लांब वाक्य एका दमात? ही बया श्वास घेते की नाही?"

मावशी काचेपलीकडे स्वतःशीच पुटपुटल्या, पण माइक चालू होता. बाहेर हेडफोन लावून बसलेल्या रेकॉर्डिस्टला ते अगदी कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं. त्यानं दिग्दर्शकाकडे पाहिलं. दिग्दर्शकानं कॉफीच्या कपात पाहिलं.

ही बया म्हणजे डबिंगला आलेल्या जपानी ॲनिमे कार्टून मालिकेतली चेटकीण. पहिल्या सीझनपासून आपल्या भाषेत ती मावशींच्याच आवाजात शाप देत आली होती. तो आवाज ऐकून पोरं दिवा चालू ठेवून झोपायची. यंदा मात्र वाक्य संपता संपता तो फाटायचा, नुसती हवा निघायची. मावशी म्हणायच्या, घसा बसलाय. बाकीचे म्हणायचे, हवा बदललीय ना. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? दिग्दर्शकाला लहानपणी बोट धरून या स्टुडिओत मावशींनीच आणलं होतं. आणि दुसरीचा आवाज घ्यायचा, तर मावशींना कारण सांगावं लागलं असतं.

सुदैवानं दोष द्यायला मालिका होती. बनवणाऱ्यांनी शेवटचा सीझन भलत्याच घाईत गुंडाळला होता. एका भागात राज्य बुडायचं, पुढच्यात थेट सूर्यच बुडायचा. सगळे भराभर बोलतात म्हणून जमत नाही, अशी दिग्दर्शकानं मावशींची समजूत घातली आणि भाषांतरवाल्या बाईंना हळूच सांगितलं, की चेटकिणीची वाक्यं छाटा. त्यांनी छाटली. शाप दोन शब्दांवर आले. मग नुसतं 'हं' उरलं. तेही फाटलं, तेव्हा एका सैनिकाच्या तोंडी घातलं, की चेटकीण मेली. मावशींना कळवलं, तुमचं काम संपलं, आता आराम करा.

पुढचा भाग आला, तर चेटकीणबाई बुरुजावर उभ्या राहून लढतायत.

"आता?" भाषांतरवाल्या बाईंनी विचारलं.

"भूत करा. भुतं बोलत नाहीत."

पण भुताला जखम झाली. राजपुत्रानं त्याच्या पायाला पट्टी बांधली, भूत वाटीभर सूप प्यायलं. मग ती चेटकिणीची मुकी जुळी बहीण ठरली. घराणं बरंच मोठं दिसतंय, असं रेकॉर्डिस्ट म्हणाला.

शेवटच्या भागात मुक्या बहिणीचा चेहरा पडदाभर आला. तिनंच लहानाचा मोठा केलेल्या राजपुत्राचा ती निरोप घेत होती. ओठ हलत होते, थांबायचं नाव घेईनात. दिग्दर्शकानं अखेर त्यावर वाऱ्याचा आवाज घातला. चांगला घोंघावणारा.

तयार झालेला भाग पाहायला मावशी न बोलावता आल्या. इस्त्रीची साडी नेसून, पुढच्याच खुर्चीत बसल्या. वारा सुटला, ओठ हलले, राजपुत्र रडला. दिवे लागले तरी कोणी उठेना.

"त्यांनी मालिकाच घाईत उरकली, मावशी," पडद्याकडे बघतच दिग्दर्शक म्हणाला. "आपण तरी काय करणार?"

मावशींनी पर्स मांडीवर ओढून घेतली. खोली लहान होती, म्हणून त्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं.

"आवाज माझा गेलाय रे. त्या बिचारीला कशाला मारलंस?"