बारा किलो जास्तीची डाळ

दिल्लीला तुरीची डाळ न्यावी की नाही, एवढाच काय तो प्रश्न होता. मी नको म्हणालो. त्यामुळे ती न्यायचं ठरलं.

आमच्या शारदाचं पहिलं बाळंतपण. सिझेरियनची तारीख आधीच ठरलेली, सकाळी आठची वेळ. सासरी बाईमाणूस कुणी नाही आणि मला रजा मिळाली ती आदल्या दिवसापासूनच, त्यामुळे रेल्वेनं वेळेत पोचणं अशक्य. म्हणून जावयानं हैदराबादहून विमानाची दोन तिकिटं काढून दिली. औरादमधून विमानात बसणारा मी पहिलाच कारकून! (निदान आठवडाभर बाजारात मी तसं सांगत होतो.) नवा कोट शिवला. किराणा दुकानदार वीरभद्रप्पांनी तर स्टँडवर येऊन हार घातला. वीस किलो डाळही त्यांच्याच दुकानातली.

विमानतळावर सगळं सामान काट्यावर चढलं.

"साब, बारा किलो जास्ती है. पैसा भरना पडता," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

"किधर लिखा है?" मी विचारलं.

कचेरीत वीस वर्षं नोकरी केलेला माणूस मी. आमच्याकडं फीचा फलक दर्शनी भागात लावावा लागतो. (लावलाय. त्याच्यापुढं कपाट आहे. कपाट मीच ठेवलंय.) मी तावातावानं डाळीचं पोतं काट्यावरून ओढलं, काउंटरलगतच्या एका फळीला टेकवलं, त्याच्यावर वळकटी रचली आणि भांडायला मोकळा झालो.

"पहिले बोर्ड बताओ!"

तो माणूस गोंधळला. "यहींच था साब. सुबे तक था." त्यानं शिपायाला बोलावलं. शिपायानं भिंती पाहिल्या, मग दाराबाहेर जाऊन पाहिलं. मला चेव चढला.

"बोर्ड नाही, तर फी नाही! लिहून द्या तसं!"

"अवं, कामून भांडायलाव?" माझी बायको नलिनी माझा कोट ओढत म्हणाली. "इमान जाईल की! लेक वाट बघायली तिकडं."

घड्याळात वीसच मिनिटं उरली होती. मागं रांग खवळली होती. विमान चुकलं तर पोरगी एकटीच ऑपरेशनला जाणार होती. पण आता माघार कशी घ्यायची? (एवढा एकच गुण मला कचेरीनं दिलाय.)

तेवढ्यात हमालानं सामान उचलायला म्हणून पोतं बाजूला केलं.

मागं बोर्ड होता. चांगला कमरेएवढा, हिंदीत आणि इंग्रजीत. एका तिकिटावर वीस किलो मोफत, पुढं किलोमागं आकार. सगळी रांग हसली. शिपाई तर बसूनच हसला.

माझ्या खिशात परतीच्या रेल्वेपुरतेच पैसे होते.

"डाळ इथंच ठेवू," मी पडेल आवाजात म्हणालो.

"डाळ ठेवायची न्हाई," नलिनी म्हणाली. ती बोर्डाची शेवटची ओळ वाचत होती. "भाऊ, एक तिकीट परत केलं तर कापून किती देता? त्यात ह्या सगळ्या सामानाचं भागतंय का?"

त्यानं कागदावर आकडेमोड केली. "भागता, अम्मा. थोडे बचते भी."

तिचा त्याग पाहून मला गहिवरून आलं. "अगं, नको! तिथं शारदाला तू पाहिजेस. तू कामून थांबायलीस?"

"मी कुठं थांबायलेय?" ती म्हणाली. "तिकीट काढा खिशातनं तुमचं."

विमान वेळेवर सुटलं. त्यात नलिनी होती, वळकटी होती, वीस किलो डाळ होती. ती वेळेत पोचेल या विचारानं मला खरोखर हायसं वाटलं. मग कोटाकडं लक्ष गेलं आणि रडू आलं.

गावी परतून मी घरातच लपून बसलो होतो, तिथं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तार आली : "नात झाली. दोघी खुशाल. डाळ पोचली."

तोंड गोड करायला घरात साखरही नव्हती, म्हणून पेढ्यांसाठी बाजारात जावंच लागलं. दुकानाच्या पायरीवरूनच वीरभद्रप्पांनी गाठलं.

"अण्णा! एवढ्यात आलाव बी? कसं हाय हो इमान?"

आजूबाजूची चार गिऱ्हाइकं कान टवकारून थांबली.

"लई झ्याक हाय," मी म्हणालो. "खालून तर लईच."